सोळा तारखेचा अंक

पाण्याची वाटी लमायने अदुनच्या हातात दिली नाही, तेव्हाच घरातल्या सगळ्यांना कळलं की आजचं जेवण सुखाचं होणार नाही.

लमायच्या नवऱ्याला, तिआंना, जाऊन शंभर दिवस झाले होते. मुलं बापाला तिआ म्हणत, म्हणून सगळं मेक्लोंग गाव त्यांना तिआच म्हणे. सकाळी सात भिक्षू छापखान्याच्या माडीवर येऊन पठण करून, जेवून, अकराच्या आत विहारात परतले होते. तिआंच्या नावाने ओतलेलं पाणी आता दारातल्या झाडाच्या मुळाशी घालायचं होतं. तिआंच्या मागे छापखाना आणि पेपर सांभाळला तो अदुनने, मधल्या मुलाने. तेव्हा ते काम त्याचं. लमायने वाटी धाकट्या लेकीच्या, उरायच्या, हातात ठेवली.

"मी?" उराय म्हणाली.

"तूच. काही जणांना हल्ली मोठी कामं असतात."

चव्वेचाळीस वर्षांचा अदुन चटईच्या कडेला मांडी घालून बसला आणि भात वाढून घेऊ लागला.

लमायचा राग राजकारणावर नव्हता. तीन दिवसांपूर्वी ती बाजारात गेली असताना बांगडेवाली म्हणाली होती, "मावशी, आता तुम्ही खासदाराच्या आई होणार म्हणे! बँकॉकच्या पेपरात फोटो आलाय." लमाय हसली होती, दोन टोपल्या बांगडे घेऊन घरी आली होती आणि स्वयंपाकघरात बराच वेळ नुसती बसून राहिली होती. चाळीस वर्षं तिच्या पायाखाली पेपर छापला जात होता. 'सियांग क्लोंग', म्हणजे कालव्याचा आवाज. महिन्याच्या एक आणि सोळा तारखेला निघायचा, लॉटरीचा निकाल लागतो त्याच दिवशी. आणि पोटच्या मुलाची बातमी तिला मिळाली कोळणीकडून, तीही दुसऱ्याच्या पेपरातली.

"सांगणार होतो आई," अदुन शेवटी म्हणाला. "पक्षानं चार दिवसांपूर्वी नाव जाहीर केलं. मी बँकॉकहून निघायच्या आत छापूनही आलं."

"पेपरवाल्याच्या आधी पेपरवाले पोचले," थोरला बुनलर्त म्हणाला. "आम्ही काय, बांगडे वाफवणारी माणसं. आम्हाला कळलं नाही तरी चालतं."

"दादा, टोमणा मारायचा तर जेवण झाल्यावर मार."

"जेवण झाल्यावर मला झोप येते." बुनलर्तने माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "सरळ विचारतो. गेली अकरा वर्षं तू ट्रॉलरवाल्यांना झोडपतोयस. ते मासे मला विकतात, तरी मी तुला एका शब्दानं बोललो नाही. आता तू त्यांच्याच पक्षात? कमनान फुआंगच्या पक्षात?"

कमनान म्हणजे आसपासच्या दहा गावांचा मुखिया. पण फुआंगच्या बाबतीत लोकांना मुखियापेक्षा त्याचे चौदा ट्रॉलर आधी आठवत.

"पक्ष फुआंगचा नाही."

"मेक्लोंगमध्ये कुणाचा आहे मग?"

अदुनने चमचा खाली ठेवला. "दादा, मी मोजून त्रेचाळीस वेळा लिहिलं. किनाऱ्यापासून तीन किलोमीटरच्या आत ट्रॉलरला बंदी आहे, विणीच्या हंगामात बारीक जाळ्याला बंदी आहे, हे त्रेचाळीस वेळा. काय झालं? लोक अंक घेतात, लॉटरीच्या नंबराचा अंदाज बघतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच अंकात बाजारातल्या बायका मासे बांधून देतात. मला आता लिहायचं नाही. मला त्या कायद्याला दात बसवायचेत. ते काम तिथेच बसून होतं."

हे मात्र तो मनापासून बोलत होता, आणि बुनलर्तलाही ते जाणवलं. त्याने भावाच्या ताटात तळलेल्या बांगड्याचा पोटाकडचा तुकडा टाकला. "खा. दात नंतर बसव."

तेवढ्यात खाली मोटार थांबल्याचा आवाज आला.

*

कमनान फुआंग जिना चढून आला तो धापा टाकत, हातात भिक्षूंसाठी पिवळ्या कापडाची गुंडाळी घेऊन. साठीचा, बुटका, हसरा माणूस. त्याने तिआंच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, तीन वेळा वाकून नमस्कार केला आणि मग लमायसमोर हात जोडले.

"लमायवहिनी, उशीर झाला. भिक्षू गेले वाटतं?"

"गेले. कापड उद्या विहारात पाठवू. बसा, जेवा."

"तुमच्या हातच्या बांगड्याला नाही म्हणणारा अजून जन्मायचाय."

बुनलर्त सरकून बसला. घरात फुआंग पहिल्यांदाच येत होता, आणि बुनलर्तला त्याचं नवल वाटलं की त्याला राग येत नाहीये. उलट बरं वाटतंय. निम्मा माल त्याला फुआंगच्या बोटींकडूनच मिळे. अकरा वर्षं धक्क्यावर फुआंगची माणसं त्याला 'पेपरवाल्याचा भाऊ' म्हणत आणि चांगल्या टोपल्या आधी दुसऱ्याला देत. तो एकदम म्हणाला, "कमनान, सरबत घेणार की चहा?"

अदुनने त्याच्याकडे पाहिलं. बुनलर्तने न पाहिल्यासारखं केलं.

"मी पक्षाला काय सांगितलं माहितीये वहिनी?" फुआंग घास चावत म्हणाला. "म्हटलं, तुम्हाला जिंकायचंय ना? मग मला शिव्या घालणाराच माणूस घ्या. माझे हात त्यानं पकडले, पण स्वतःचा हात कधी पुढे केला नाही. असा माणूस जिल्ह्यात एकच आहे. लोक डोळे मिटून मत देतील."

"आणि तुम्ही?" लमायने विचारलं. "तुम्ही डोळे उघडे ठेवून द्याल?"

फुआंग खळखळून हसला. "वहिनी, तुम्हालाच तिकीट द्यायला हवं होतं." मग तो अदुनकडे वळला. "नाही, पण एक तारखेचा अंक वाचला मी. चांगला होता. समजूतदार अंक होता."

अदुनची बायको चिंतना भाताचं भांडं घेऊन येत होती. ती नवऱ्याकडेच बघत होती, म्हणून तिला दिसलं. 'समजूतदार' या शब्दाला अदुनची मान खाली गेली. चोरी पकडली गेलेल्या माणसाची जाते तशी नव्हे. शाळेत फळ्यावरचं गणित चुकलेलं ज्याला आधीच माहीत असतं, त्या मुलाची जाते तशी.

तिने भांडं ठेवलं आणि बर्फ आणायच्या निमित्ताने ती खाली उतरली.

*

उराय खाली छापखान्यात होती. वाटी केव्हाच रिकामी करून ती खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, खणांपुढे उभी होती. अडतिसाव्या वर्षी तिला अख्ख्या कुटुंबात सगळ्यात कमी माणसं आणि सगळ्यात जास्त अक्षरं ओळखीची होती. वीस वर्षं ती खिळे जुळवत होती. बातम्या अदुनच्या, खिळे तिचे.

"वर जात नाहीस?" चिंतनाने विचारलं.

"फुआंगची मोटार दिसली. जेवण पचणार नाही." मग वहिनीचा चेहरा बघून ती वळली. "काय झालं?"

चिंतना गावच्या शाळेत शिकवायची. मुलांना एका वाक्यात उत्तर द्या म्हणायची तिला सवय होती. पण स्वतःचं तिला एका वाक्यात जमेना.

"थोंगबाय माझ्याकडे आली होती. एक तारखेला."

"कुठली? चोमची बायको?"

चोम मे महिन्यात खाडीच्या तोंडाशी बुडाला होता. पोलिसांनी 'वाऱ्याने होडी उलटली' म्हणून नोंद केली होती, आणि 'सियांग क्लोंग'मध्ये त्यावर चार ओळी आल्या होत्या, मृत्यूच्या रकान्यात.

"तीच. अंक घेऊन आली. तिला वाचता येत नाही. म्हणाली, बाई, यात माझं कुठे आलंय ते वाचून दाखवा. मी सगळा अंक वाचला तिला. लॉटरीसकट. नव्हतं काही. तर म्हणाली, असं कसं, मी तर सांगून अंगठा देऊन आलेय. त्या होडीत मीपण होते."

उरायने हातातले खिळे खणात टाकले.

"मी घरी याला विचारलं," चिंतना म्हणाली. "म्हणाला, पडताळणी चालू आहे. मी विश्वास ठेवला. मला ठेवायचा होता. आठ दिवस ठेवला."

अदुनच्या टेबलावर तीन तारा होत्या, कागद खोचायच्या. एक 'आज'ची, एक 'पुढच्या अंका'ची, आणि एक, तिआंच्या वेळेपासूनची, 'बघू'ची. थोंगबायचा जबाब तिसऱ्या तारेवर होता, छपाईच्या जुन्या बिलांच्या खाली. तारीख एकोणीस मे. पक्षाचं पहिलं पत्र आलं होतं बावीसला. ते उरायनेच पोस्टमनकडून घेतलं होतं.

"तीन दिवस तो प्रामाणिक होता," तिने कागद तारेवरून काढताना म्हटलं. "म्हणजे पडताळणी खरोखर चालू असेल, पहिले तीन दिवस."

*

फुआंग गेला, त्याची मोटार पुलापलीकडे दिसेनाशी झाली, तेव्हा उराय वर आली. वर बुनलर्त रंगात होता.

"माणूस वाटतो तेवढा वाईट नाही," तो म्हणत होता. "अदुन, तू उभा राहा. पेपरची काळजी करू नकोस. संपादक म्हणून सरकारी कचेरीत दुसऱ्या कुणाचं तरी नाव लावायला हवं ना? माझ्या जावयाचं लावू. तो गरीब आहे, सांगू तिथे सही करेल."

"मी उरायचं म्हणत होतो," अदुन म्हणाला. "नाव तिचं. काम चालतंय तसं चालेल."

"माझी हरकत नाही," उराय म्हणाली. "पण मग सोळा तारखेच्या अंकात हे जाईल."

तिने कागद चटईवर, आईसमोर ठेवला. लमायला अक्षरं ओळखायला यायची, पण वाक्यं तिला दमवत. तिने कागद चिंतनाकडे सरकवला. "तू वाच. सगळ्यांना ऐकू येईल असं."

चिंतनाने वाचलं. शाळेत धडा वाचतात तसं, आवाज न चढवता. पहाटे आम्ही दोघं जाळं ओढत होतो. किनाऱ्यावरचा दिवा दिसत होता इतके जवळ होतो. ट्रॉलर मागून आला. मी ओरडले. तो थांबला नाही. मागच्या बाजूचं नाव मी चित्रावरून ओळखते, दोन मोर आहेत. मी जाळ्याचा तरंगणारा बोंडा धरून राहिले. माझा नवरा जाळ्यात अडकला होता.

दोन मोरांचा ट्रॉलर कुणाचा, हे कुणी विचारलं नाही.

"साक्षीदार एकच आहे," अदुन म्हणाला. "पहाटेचा अंधार. अशा जबाबावर बातमी उभी राहत नाही, हे तूही जाणतेस उराय."

"जाणते. म्हणून तू दुसरा साक्षीदार शोधायला हवा होतास. शोधलास?"

त्याने पाण्याचा पेला पुढे ओढला.

"त्रेचाळीस वेळा लिहिलंस म्हणतोस. चव्वेचाळिसाव्या वेळी माणूस मेला, आणि तेव्हाच थांबलास."

"मी पुढचं बघत होतो! एक बातमी छापून काय होईल? कप्तानाला दंड. संसदेत गेलो तर..."

"हे बघ," बुनलर्त मध्ये पडला, "ओरडू नका. साधा मार्ग आहे. निवडणुकीनंतर छापा. मेलेला माणूस काही घाईत नसतो."

"दादा," चिंतना म्हणाली. ती दिरासमोर सहसा बोलत नसे. "त्याची बायको आहे घाईत. पोलीस म्हणतात, वाऱ्यानं उलटली. म्हणजे होडीही गेली आणि दोषही तिच्याच नवऱ्याचा."

"उराय, एक तारखेला छाप," अदुन म्हणाला. आता त्याच्या आवाजात विनवणी होती. "एकवीसला मी अर्ज भरतो. त्यानंतर पक्षाला नाव मागे घेता येणार नाही. फक्त पंधरा दिवस."

"पंधरा दिवसांनी छापायचं असेल तर जावईबापूंची सही घ्या. माझी मिळणार नाही."

सगळे लमायकडे बघू लागले. तिआंच्या मागे छापखाना तिच्या नावावर झाला होता. मालक म्हणून कचेरीतल्या कागदावर तिचीच सही लागणार होती. ती पानदान पुढे ओढून सुपारी कातरत बसली होती.

"तुमचे तिआ काही संत नव्हते," ती म्हणाली. "बातम्या त्यांनीही दाबल्या. लष्कराचं सरकार होतं तेव्हा दोन, आणि एक माझ्या भावाची, तो जुगारात सापडला तेव्हा. तुम्हाला माहीत नाही. मला माहीत आहे, कारण ते तेव्हा जेवायचे नाहीत. भीतीनं दाबल्या, नात्यासाठी दाबली. माणूस आहे, होतं." तिने अदुनकडे पाहिलं. "पण काही मिळतंय म्हणून नाही दाबली कधी. तू जेवतोयस रे व्यवस्थित. मघापासून बघतेय मी."

अदुनला वाटलं होतं आई रागावेल, रडेल. त्यासाठी त्याच्याकडे उत्तरं होती. त्याने ताटाकडे पाहिलं. बुनलर्तने टाकलेला तुकडा त्याने खाल्ला होता. फुआंग बसला असताना आणखी एक घेतला होता. आपल्याला भूक कधी लागली होती, हेही त्याला आठवेना.

कालव्यातून नारळाची होडी गेली, तिच्या यंत्राची फटफट येऊन विरली.

"दुसरा साक्षीदार आहे," अदुन म्हणाला. "असेल. त्या पहाटे किनाऱ्यावरच्या दिव्याखाली चिखलात कालवं वेचणारी माणसं होती. थोंगबायनं दोन नावं सांगितली होती. मी गेलो नाही."

"सांग," उराय म्हणाली आणि तिने कानावरची पेन्सिल काढली.

*

पुढचे पाच दिवस उराय घरात कमी आणि चिखलात जास्त होती. कालवं वेचणाऱ्यांपैकी एकाने तोंड उघडलं नाही. दुसऱ्याने उघडलं, वर आपल्या मेहुण्यालाही बोलतं केलं. मग ती फुआंगकडे गेली, त्याची बाजू ऐकून घ्यायला. ओसरीत त्याने तिला थंड पाणी दिलं.

"कप्तानानं मला काही सांगितलं नाही, असं लिही," तो म्हणाला. "आणि तुझ्या भावाला सांग, त्यानं माझं नाही, स्वतःचं नुकसान केलं. मला त्याचं खरंच वाईट वाटतं."

"हेही लिहू?"

फुआंगने तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याचं हसू गेलं. "लिही."

चौदा तारखेला दुपारी उराय खिळे जुळवत असताना अदुन शेजारी उभा होता. बातमी उरायची होती. शेवटचा परिच्छेद मात्र तो स्वतः लिहून आणणार होता, आणि त्याने आणला. उरायने वाचला.

"'काही अपरिहार्य कारणांमुळे जबाब वेळेवर प्रसिद्ध होऊ शकला नाही.' कारणं कुठली?"

"उराय..."

"तूच शिकवलंस. कारण असेल तर त्याला नाव असतं. नाव नसेल तर ते कारण नाही, सबब आहे."

अदुनने कागद परत घेतला, खिडकीशी जाऊन बसला. सात ओळींच्या तीन झाल्या. हा जबाब या पत्राच्या तत्कालीन संपादकांनी अठ्ठावीस दिवस छापला नाही. त्या काळात ते एका पक्षाची उमेदवारी मिळवत होते. चोम यांच्या पत्नीची ते क्षमा मागतात.

"'तत्कालीन संपादक' पुरे?" उरायने विचारलं. "की नाव घालू?"

"घाल. आडनावासकट."

तिने एकेक अक्षर खणातून उचललं. आपल्या भावाचं नाव तिने हजार वेळा जुळवलं होतं, पानाच्या तळाशी, बारीक खिळ्यांत. हे मोठ्या खिळ्यांत होतं. तो बघत राहिला आणि मध्येच म्हणाला, "एक वेलांटी उलटी बसलीय." तिने ती सुलटी केली.

संध्याकाळी पोस्टातून त्याने बँकॉकला फोन लावला आणि पक्षाच्या सचिवाला ती बातमी स्वतः वाचून दाखवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सचिव शांतपणे ऐकत होता. शेवटी इतकंच म्हणाला, "अहो, हे तुम्ही आम्हाला का सांगताय? परवा वाचलंच असतं."

"माझी बातमी एकदा उशिरा पोचली," अदुन म्हणाला. "दुसऱ्यांदा नको."

*

सोळा तारखेचा अंक दहाच्या आत संपला. लॉटरीचा निकाल तेव्हा अजून लागायचा होता. पोलिसांनी नोंद बदलली. दोन मोरांच्या ट्रॉलरचा कप्तान आत गेला. फुआंगला कुणी हात लावला नाही. पक्षाची तार आली, उमेदवारी काढून घेतल्याची, नऊ शब्दांची. चौथ्या दिवशी एका लहानशा पक्षाने अदुनला बोलावलं. त्या पक्षाकडे झेंडा होता, बाकी काही नव्हतं. बुनलर्तच्या वखारीत फुआंगच्या बोटींचे मासे येणं बंद झालं. त्याने घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं बसवून आपलं नशीब ऐकवलं, आणि मग प्रचाराला आपली मासे वाहायची गाडी दिली. "वास येईल," तो म्हणाला. "लोकांना कळेल तरी कुठला माणूस आहे."

थोंगबायच्या घरी अदुन एकदाच गेला, मत मागायला नव्हे. ती जाळं विणत होती. तिने त्याला बसायला सांगितलं नाही आणि जायलाही सांगितलं नाही. तो थोडा वेळ उभा राहिला. मग तिने जाळ्याचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं, ताणून धरायला. आणि तासभर त्याने ते धरलं.

जुलैच्या अखेरीस निवडणूक झाली. अदुन एक हजार नऊशे आठ मतांनी हरला. फुआंगच्या पक्षाचा उमेदवार जिंकला, एक बँकॉकचा वकील, ज्याला खाडी कुठल्या दिशेला आहे तेही माहीत नव्हतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अदुन माडीवर चहा पीत बसला होता, तेव्हा जिन्यात पावलं वाजली. उराय आली ती ठेवणीतला सदरा घालून, हातात वही घेऊन. ती शेजारी बसली नाही. समोरच्या खुर्चीत बसली.

"एक तारखेच्या अंकासाठी आपल्याला काही प्रश्न विचारायचे होते," ती म्हणाली. "वेळ आहे का आपल्याला?"

आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला 'आपण' म्हणत होती. तो हसणार होता, पण तिची पेन्सिल कागदावर टेकलेली होती.

"आहे. विचारा."

"पराभवाचं कारण काय वाटतं?"

"हा काय प्रश्न झाला? याचं उत्तर कुणीही..." तो थांबला. चहाचा पेला त्याने खाली ठेवला. "माफ करा. सोळा तारखेच्या अंकामुळे काही मतं गेली. त्याच अंकामुळे काही आली. गेली ती जास्त होती."

तिने लिहून घेतलं.

"पुढच्या निवडणुकीला उभे राहणार?"

"राहणार."

"दरम्यानच्या काळात आपण पत्रकारितेत परतणार, 'सियांग क्लोंग'चे संपादक होणार, असं गावात बोललं जातंय."

खाली कुणीतरी यंत्र सुरू केलं. जमीन नेहमीसारखी थरथरू लागली, पेल्यातला चहाही. अदुनने बहिणीकडे पाहिलं. तिच्या बोटांच्या पेरांवर शाई होती, आणि ती उत्तराची वाट बघत होती, अजिबात घाई न करता.

"नाही," तो म्हणाला. "तिथे संपादक आहे."